काचवाली दचकत काऊन नाही

फोन वाजला तेव्हा प्रेमच्या हातात कुण्या मास्तरांच्या मोबाईलची पाठ उघडी पडलेली होती आणि तो चिमट्यानं बॅटरीखालची चिकटपट्टी सोडवत होता. वाजला तो त्याचाच फोन, पण दुसऱ्या सिमवर. त्या सिमवर कोणी फोन करत नसे. ते रामचं सिम. राम म्हणजे त्याचा मोठा भाऊ. गेल्या उन्हाळ्यात वांग्याच्या सरीत पाणी मोडता मोडता खाली बसला तो बसलाच. डॉक्टर अटॅक म्हणाले. सिम मरू नये म्हणून प्रेम त्यात रिचार्ज मारत राहिला होता, आणि कशासाठी हे त्याला कोणी विचारलं नव्हतं ते बरंच होतं. त्यानं फोन कानाला लावला. पलीकडून मोकळाढाकळा आवाज आला, "राम भाऊ, मोतीराम बोलून राह्यलो, वडनेरवून. मेले का जित्ते हा बाप्पा? मिरचीची रोपं तयार हायेत, येता का देऊ दुसऱ्याले?" आणि प्रेमच्या तोंडून निघून गेलं, "हाव, जित्ता आहो. येतो ना." ते निघून गेलं म्हणजे अगदी असं, जसं हातातून स्क्रू निसटतो आणि टेबलाखाली कुठंतरी वाजतो. मोतीराम वडनेर भोलजीचा रोपवाटिकावाला. वर्षातून एकदा फोन करणारा. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. कोण कळवणार, कोणाच्या ध्यानात येणार. तो बोलत राहिला, यंदा थंडी कशी लांबली, बायकोचं गुडघ्याचं, आवाज काऊन बसला असं विचारलं, प्रेम सर्दी म्हणाला. फोन ठेवल्यावर दुकानाचा मालक प्रसेनजितनं काउंटरवरूनच विचारलं कोण होतं बे, तर तो राँग नंबर म्हणाला. मग खाली पाहिलं तर चिकटपट्टी मधेच तुटलेली.

बुलढाण्याला फेब्रुवारीतही सकाळी अंगात स्वेटर लागतो. त्याच्या अंगात होता तो रामचा होता. आईनं दिवाळीला दिला, नवाच आहे म्हणाली, कशाला वाया घालवायचा. बूटही रामचेच, बोटापुढे जरा जागा उरायची, चालताना टाच वर-खाली व्हायची आणि त्या टाचेचा आवाज त्याला दिवसभर पाठीमागून कोणी येत असल्यासारखा ऐकू यायचा. त्या फोननंतर दिवसभर त्यानं चार मोबाईल उघडले आणि चारही अर्धवट ठेवले. त्याला सारखं वाटत होतं की वडनेरला, मोतीरामच्या हिरव्या जाळीखाली, राम अजून चालता-बोलता आहे, सर्दी झालेला आहे, रोपं न्यायला येणार आहे. आणि तिथं त्याला आपण जिवंत ठेवलं. आणि मग त्याला एकदम आठवलं की हा विचार त्याचा नव्हताच, रामचाच होता.

कारण या सगळ्या हिशेबाची सुरुवात सिरियलींपासून होती. बाहेरदेशच्या सिरियली, हिंदीत डब केलेल्या, पाच-सहा तरी, आणि सगळ्या एकमेकीत गुंतलेल्या. प्रत्येकीत एक अंगात काहीतरी अचाट असलेला माणूस, नाहीतर बाई. प्रत्येकाचं शहर वेगळं, दुःख वेगळं, मुखवटा वेगळा. पण सगळे एकाच दुनियेतले, एकाच्या घरी आग लागली की दुसऱ्याच्या सिरियलीत धूर दिसणार. वावरात रेंज नव्हती, म्हणून प्रेम बुलढाण्याहून भाग उतरवून आणायचा आणि संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधताना मोबाईल भाजीच्या कॅरेटला टेकवून लावायचा. सकाळी रामला भाजी घेऊन बाजारात जायचं असायचं, तेव्हा जुड्या बांधणं काही चुकायचं नाही. हात मेथीत, कान सिरियलीत, डोळे मधूनमधून. पहिला बघितला तो बॅलास्ट. तो काहीही उचलायचा, बस, पूल, कोसळलेलं घर. पण उचललेलं वजन त्याच्या अंगातून जायचं नाही. माणसं वाचवून घरी आला की खुर्ची मोडायची, बायकोच्या खांद्यावर हात ठेवायला घाबरायचा. राम म्हणाला, "बालास्ट म्हंजे काय बे?" प्रेमनं शोधून सांगितलं, जहाजात, रेल्वेच्या रुळाखाली वजनाला टाकतात ते. "म्हंजे गिट्टी. नांदुऱ्याले रुळात पाह्यली ना आपन." तेव्हापासून तो गिट्टीवाला. आणि दुसऱ्या सिरियलीतली ती, जिचं अंग संकटात काचेचं व्हायचं आणि आरपार सगळं दिसायचं, ती काचवाली. एकजण दुसऱ्याच्या सिरियलीत आला की लोक त्याला काय काय इंग्रजी नावं देतात. राम त्याला पाहुणचार म्हणायचा. आणि सगळ्या मिळून जे काही होतं त्याला भाऊबंदकी. "हे आपल्या गावावानीच हाय. लगन याच्या सिरियलीत, रुसवा त्याच्या सिरियलीत, मैतीले सगळे एका जागी."

एकदा त्यातला एकजण, म्हातारा, डोळ्यांनी आग लावणारा, आपल्या सिरियलीत मेला. चांगला रडून-बिडून मेला. आणि पंधरा दिवसांनी काचवालीच्या भागात तो मस्त बसून सूप पीत होता, हसत होता. राम जुडी तशीच हातात धरून बसला. प्रेमनं समजावलं की ही गोष्ट आधीची आहे, तिथला काळ मागं चालू आहे. राम थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हंजे तो मेला हे अजून इकडं पोचलंच नाही." आणि मग जुडीला गाठ मारत, "बातमी पोचेपर्यंत मानूस जित्ताच असते, नाही का." तेव्हा प्रेम हसला होता. त्याला आता त्या हसण्याची लाज वाटली नाही, पण ते हसू कुठून आलं होतं तेच सापडेना.

संध्याकाळी आईचा फोन आला. आईचं नाव पुष्पाबाई, पण फोनवर ती स्वतःला कधी कोणी आहे असं सांगतच नाही, सरळ मुद्द्यावर. रविवारी वहिनीचे बाबा आणि काका चिखलीकडून येणार आहेत, किसनमामा बैठकीला बसणार आहे, तुले यावंच लागन. बैठक कशाची हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही म्हटलं नाही. वर्षश्राद्धाच्या आत ठरलं पाहिजे असं मामानं सांगितलं होतं. रामची बायको डिंपलवहिनी, तिचा पाट, दुसरं लग्न, धाकट्या दिराशी, म्हणजे प्रेमशी, लावायचा. त्यांच्या लोकांत हे नवं नाही. दोन घरं सोडून एका घरात असंच झालंय, चांगलं चाललंय, लेकरं आहेत. आई म्हणायची, घर फुटत नाही, पोरगी बापाच्या घरात राहते, परक्याच्या दारात जात नाही. अर्पिता, रामची पोरगी, पाच वर्षांची. आईचं खोटं काय होतं? काहीच खोटं नव्हतं. तेच तर होतं. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

आणि खरं सांगायचं तर त्याला नकोच होतं असंही नव्हतं. हे तो स्वतःशीसुद्धा अर्धंच म्हणायचा आणि अर्ध्यावर दुसरीकडे बघायचा. राम होता तोवर वहिनी म्हणजे वहिनी होती. पण मागच्या काही महिन्यांत, शनिवारी घरी गेला की, ती टाक्यावर मेथीची मुळं धूत असायची, कोपरापर्यंत चिखल, आणि मान न वळवता म्हणायची, आले का भाऊजी, आणि त्या तेवढ्यानं त्याचा आठवडा संपायचा. तो स्वतःला शिव्या द्यायचा. मग शिव्या देणं सोपं वाटायला लागलं, कारण शिव्या दिल्यावर परत तोच विचार करायला मोकळा. आणि मग हे सगळं असं जमून आलेलं, की जे त्याला चोरून पाहिजे होतं तेच सगळं घर त्याला ताटात वाढून देत होतं, त्याग म्हणून. लोक म्हणणार, पोरानं भावाचा संसार उचलला. उचलला. आणि उचललेलं वजन, त्याच्या मनात आलं, आणि पुढचं त्यानं मनात येऊ दिलं नाही.

शनिवारी बस राजूरचा घाट उतरायला लागली तशी हवा गरम झाली. स्वेटर काढावा लागला. मोताळ्याला उतरून गावाकडच्या ऑटोत बसला. त्याच्या मोबाईलमध्ये गिट्टीवाल्याचा नवा सीझन उतरवलेला होता. राम गेल्यावर निघालेला. त्यानं एकट्यानं दुकानात पहिला भाग पाहिला होता आणि मधेच बंद केला होता, कारण गिट्टीवाला बदलला होता. पहिला नट सोडून गेला म्हणे. नवा आणला, जरा तरुण, जबडा रुंद. मुखवटा तोच, नाव तेच, बायको तीच, घरातली मोडकी खुर्चीसुद्धा तीच. आणि कोणालाच कळत नव्हतं. शेजारी त्याला तसेच हाक मारत होते. कुत्रं त्याच्या पायाशी तसंच येऊन बसलं. बघणाऱ्यांना तेवढं कळत होतं, आतल्यांना नाही. इंटरनेटवर लोक भांडत होते की नवा चांगला की जुना, पण हे भांडण पडद्याच्या अलीकडचं. पलीकडे सगळं सुरळीत.

त्या संध्याकाळी आईच म्हणाली, लाव तुमची ती गिट्टी. रामच्या मागे कित्येक महिन्यांनी कॅरेटला मोबाईल टेकला. आई, प्रेम, वहिनी, मधे मेथीचा ढीग, अर्पिता ढिगाच्या टोकाला पानं तोडत. प्रेमचे बाबा कडूबा ओट्यावर तंबाखू मळत. ते कधी बघत नसत आणि कधी उठूनही जात नसत. गिट्टीवाला बोलायला लागला आणि प्रेमला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हिंदीतला आवाज बदललेला नाही. चेहरा नवा आणला, पण आवाज देणारा माणूस तोच ठेवला होता. आई मान खाली घालून जुडीला सुतळी गुंडाळत होती. ऐकता ऐकता म्हणाली, लय दिवसांनी आला बाप्पा हा, बरा हाय ना. तिला कळलंच नाही. तिनं कधी त्याचं तोंड पाहिलंच नव्हतं, तिच्यासाठी तो नेहमीच मेथीच्या पलीकडचा एक आवाज होता. मग काचवाली पाहुणी आली. दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या गळ्यात हात टाकले, हिंदीत म्हणाली की तू थकलेला दिसतोस. बस. वहिनी तेवढ्यात उठली. हातातली जुडी न बांधता ठेवली, चूल पाह्यतो म्हणाली आणि गेली ती आलीच नाही. प्रेमनं आपल्या वाटणीच्या जुड्या बांधल्या, मग तिच्याही. त्याच्या जुड्या ढिल्या होतात. तिच्या हातच्या सुटत नाहीत.

त्यानं ठरवलं. झोपेत का जागेत कोण जाणे, पण सकाळी उठला तेव्हा ठरलेलं होतं: हो म्हणायचं. बैठकीत मामा विचारील, आपण मान खाली घालून म्हणायचं, तुम्ही मोठे ठरवाल ते. हे वाक्य त्यानं दात घासताना दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं बसत होतं.

टाक्यावर वहिनी होती. मुळं धूत होती. पाहुण्यांसाठी वांगी तोडून आणलेली बाजूला पडली होती. तो हात धुवायला गेला आणि ती मान न वळवता म्हणाली, "नवा गिट्टीवाला पूर्ण पाह्यला का तुमी?"

त्यानं अर्धाच पाहिला म्हटलं. ती म्हणाली तिनं सगळा सीझन पाहिलाय, आपल्या मोबाईलवर, अर्पिता शाळेत गेल्यावर, शेजारच्या गच्चीवर रेंज येते तिथं बसून. मग पाण्यात हात तसेच ठेवून बोलायला लागली, आणि ती नेहमी सिरियलींवर बोलायची तशीच बोलत होती, नाती ओळखून, कोण कोणाचं कोण, दोघा भावांच्या ध्यानात जे राहायचं नाही ते तिच्या राहायचं. नवा वाईट नाही म्हणाली. मेहनत करते. जुन्यावानी चालाले पाह्यते, कधी कधी जमतेही. "पन भाऊजी, काचवाली दचकत काऊन नाही? आतापर्यंत ज्याच्यासंगं जीव धोक्यात घातला तो मानूस नाही हा, दारात दुसराच उभा हाय, अन् ते सरळ गळ्यात पडते? बाई असं करत नसते. तिले कोनी इचारलंच नाही. लिहनाऱ्यानं नवा नट आनला अन् तिले म्हटलं, बाई, चाल, पुढं चाल."

 पाणी टाक्याच्या काठावरून सांडत होतं, ते त्यानं पाहिलं आणि तोटी बंद केली नाही.

"आज इचारतीन तुमाले," ती म्हणाली. "तुमी नाही म्हना."

त्याच्या तोंडात ते बसवलेलं वाक्य होतं, तुम्ही मोठे ठरवाल ते, त्याची चव अजून टूथपेस्टसारखी होती. त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याला कळलं की हे विचारायला नको होतं, "म्हंजे मी नको?"

"तुमी नको असं म्हटलं का मी?" आता तिनं मान वळवली. "मले कोनीच नको. मले माही पोट्टी पाह्यजे अन् वांग्याचं वावर पाह्यजे. भाजी मी नेतो बाजारात, मले येते ते. पन मी नाही म्हटलं तं उद्या हेच लोक म्हनतीन, हिचं ध्यान दुसरीकडं हाय. माहेरी धाडतीन अन् अर्पिताले ठेवून घेतीन. माह्या मावसबहिनीचं तसंच झालं, लेक तिले लग्नाकार्यात दिसते फक्त. तुमी नाही म्हटलं तं तुमाले शिव्या भेटतीन. बस. अन् किसनमामाच म्हनत होते, आपल्यात ज्याच्याकडून मोडते त्याले भरून द्यावं लागते. तं द्या म्हना, रामच्या वाट्याचं वावर माह्या नावानं."

एवढं बोलून ती परत मुळं धुवायला लागली. तिनं हे किती दिवस घोळवलं असेल ते त्याच्या ध्यानात आलं, कारण एकही शब्द अडला नव्हता. आणि आपल्याला मात्र वाटत होतं की निर्णय आपल्याकडे आहे, आपण एकटेच बेचैन आहोत, आपल्याच बुटांचा आवाज येतोय. त्याला राग आला. कोणाचा ते ठरेना. मग थोड्या वेळानं राग उतरला आणि खाली जे राहिलं ते नुसतं दुखणं होतं, लहान पोराला बाजारात काहीतरी घेऊन देतो म्हणून नेलं आणि नुसतं फिरवून आणलं तसलं. त्याला स्वतःची कीवसुद्धा नीट करता येईना. तो म्हणाला, बरं. एवढंच.

मग तो घरामागं गेला, कडब्याच्या गंजीपाशी, आणि त्यानं दुसऱ्या सिमवरून मोतीरामला फोन लावला. सांगितलं. राम गेला, गेल्या उन्हाळ्यात. पलीकडे पाण्याचा फवारा बंद केल्याचा आवाज आला. मग मोतीराम म्हणाला, "मंग परवा कोन बोललं?"

"मीच. लहाना भाऊ."

मोतीराम काही रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तुमचा आवाज लय सारखा हाय बाप्पा, एवढं म्हणाला, आणि मग खाकरून, रोपं कोणासाठी ठेवायची ते विचारलं. प्रेमनं सांगितलं, ठेवा, वहिनी येतील न्यायला, आता वावर त्याच पाहतील. हे बोलताना त्याच्या लक्षात आलं की जे अजून झालंच नाही ते आपण झालंय म्हणून सांगून बसलो, आणि आता मागं येता येणार नाही. वडनेरला ते आधीच झालेलं आहे.

पाहुणे आले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. वहिनीचे बाबा बारीक, टोपी काढून मांडीवर ठेवणारे. काका जाडजूड, सगळ्याला हो म्हणणारे. किसनमामा मधे. पाणी झालं, चहा झाला, कोणाच्या कांद्याला काय भाव लागला ते झालं, चिखलीकडं पाणी किती खाली गेलं ते झालं. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पदर तोंडाला. आतून वरणाला फोडणी घातल्याचा वास आला, मग पळी भांड्याच्या काठावर आपटल्याचा आवाज. मामानं पुष्कळ गोल गोल बोलून, रामचं नाव घेऊन, डोळे पुसून, शेवटी त्याच्याकडे तोंड केलं. सांग बाप्पा. तुह्या तोंडून ऐकू दे सगळ्याईले.

"नाही," प्रेम म्हणाला.

कोणाला काही समजलंच नाही पहिल्यांदा. काकांनी सवयीनं हो म्हणून मान हलवली. मग मामानं विचारलं, काऊन?

आणि इथं तो अडला. 'नाही' हा शब्द तिनं दिला होता. काऊनचं उत्तर तिनं दिलं नव्हतं, त्यानं मागितलं नव्हतं, दोघांनाही सुचलं नव्हतं. आता सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे आणि डोक्यात एकामागं एक कारणं धावायला लागली आणि प्रत्येक कारणाला पुढं एक दार उघडं दिसायला लागलं. इतक्यात लगन करायचं नाही म्हणावं, तर हे म्हणतील थांबू, वर्षभर थांबू, आणि ती वर्षभर टांगलेली. दुसरी कोणी पाहिली आहे म्हणावं, तर कोण, कोणाची, चाल, तिच्या बापाकडं जाऊ. शहरात राहायचं म्हणावं, तर घेऊन जा ना बाप्पा तिले, खोली मोठी घे. रामची बायको आहे, मन होत नाही म्हणावं, तर आई म्हणणार होईल, सगळ्याईचं होते. एकच कारण असं होतं की ज्याच्यापुढं कोणी काही बोलू शकत नव्हतं, ज्याच्यानं वहिनीच्या बापाला उठून उभं राहावंच लागलं असतं. ते त्याला दिसलं आणि त्यापासून नजर काढेपर्यंत ते तोंडातून बाहेर आलेलं होतं.

"मले त्या पसंत नाहीत."

आतला पळीचा आवाज थांबला. सगळ्या घरातलं तेवढंच थांबलं असं त्याला वाटलं. बाकी, बाहेर ऑटो गेला, कोंबडी ओरडली, काकांनी खोकला काढला. वहिनीच्या बाबांनी मांडीवरची टोपी उचलली, पण डोक्यावर घातली नाही, हातातच धरून राहिले. पाहून दिली होती आम्ही पोरगी, म्हणाले, बाजारातून निवडून आणाले सांगितलं नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "राम असा नव्हता." आणि ते खरंच होतं, त्यात त्याला जोडायला काही नव्हतं. प्रेमचे बाबा उठले. कधी न बोलणारे ते, त्याच्यापुढं येऊन उभे राहिले, हातात तंबाखूची चिमूट तशीच, आणि त्याला वाटलं मारतात. मारलं नाही. म्हणाले की तुह्या पसंतीसाठी माह्या घरात बाजार नाही भरत, आणि परत जाऊन बसले, आणि मग चिमूट तोंडात टाकायचं विसरले.

पुढचं मामानं सांभाळलं. मामाला हेच काम येतं. ज्याच्याकडून मोडलं त्यानं भरावं, आपल्यात असंच हाय, हे त्यानं इतक्या वेळा म्हटलं की शेवटी ते त्याचंच सुचलेलं वाटायला लागलं. वांग्याचं वावर, विहिरीतल्या पाण्याच्या वाट्यासकट, सुनेच्या नावावर. पोरगी आईजवळ. बाबांनी मान हलवली, एकदा, जोरानं, प्रेमकडे न पाहता, जणू त्याच्या नाकावर टिच्चून देत होते. वहिनीच्या बाबांनी आता कुठं टोपी घातली. काका हो म्हणाले. प्रेम भिंतीला टेकून ऐकत होता. सगळं ती म्हणाली तसंच झालं, एक शब्द इकडचा तिकडं नाही, आणि त्याला वाटलं आतून आता एखादं भांडं जरा मोठ्यानं ठेवल्याचा आवाज येईल, काहीतरी येईल, झालं असं सांगणारं. आला नाही.

मोडलं तरी पाहुण्यांना जेवल्याशिवाय कसं पाठवायचं. पंगत बसली, ओट्यावर, पुरुषांची. कणकेच्या बट्ट्या, त्या कुस्करून भिजवायला वरण, वांग्याची भाजी. आई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली होती, त्यामुळं वाढायला वहिनी एकटीच. प्रेमनं उठून जायचं म्हटलं तर मामानंच हात धरून बसवलं, हे अजून वाईट दिसन म्हणाला. पंगतीच्या टोकाला, कडूबाच्या पलीकडं बसवलं. तिनं आधी बट्ट्या वाढल्या, टोपल्यातून, सगळ्यांना सारख्या. त्याच्याही ताटात दोन पडल्या, वरून, लांबून. मग ती वरणाचं भांडं घेऊन आली.

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काहीतरी असणार होतं. भाऊबंदकीत दोन माणसं मुखवट्याआडून जसं एकमेकांना जरासं ओळखतात तसलं काही, ओठाच्या कोपऱ्यात, पापणीत, कुठंही, इतकं लहान की फक्त त्यालाच दिसेल. डोळे लाल होते. चुलीत ओली काटकी घातली असेल. किंवा सोंग असेल, चांगलं वठवलेलं, कारण अशा बाईचे डोळे आज लाल असायलाच पाहिजेत, तिचा बाप बघतोय. किंवा तिनं त्याला नाही म्हणायला सांगितलं होतं, आणि हे सांगितलं नव्हतं. पसंत नाही, हे चार माणसांत, बापाच्या समोर, पळी हातात असताना ऐकायचं आहे, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मनात त्यानं सगळं जुळवून पाहिलं, इकडून, तिकडून, आणि त्याला कळेना. तिनं मामाला वाढलं. आपल्या बापाला वाढलं, ते नको नको म्हणत असताना दोन पळ्या जास्त. काकांना. मग कडूबांना, वाकून, बट्टी नीट भिजेल असं सावकाश. मग तिनं भांडं सरळ केलं, आणि त्याच्या ताटावरून, न थांबता, न घाई करता, पुढं निघून गेली.

सगळ्यांनी पाहिलं.  प्रेमनं बट्टी कुस्करली. ती कोरडी, कणीदार, घशात अडकणारी. त्यानं घास घेतला, चावला, परत चावला, आणि ती दुसऱ्या फेरीला येते का ते पाहत बसला. ती आली. कडूबांना परत वाढलं.